परवान्याची दारूबंदी

महाराष्ट्रातला दारूबंदीचा कायदा कधीच रद्द झालेला नाही. मुंबई प्रांताच्या विधिमंडळाने १९४९ मध्ये केलेला हा अधिनियम आता ‘महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम’ या नावाने चालतो. राज्यात कायदेशीरपणे प्यायलेला प्रत्येक घोट, निदान कागदोपत्री, त्यातल्या सवलतीचाच असतो.

त्याआधीचा सरकारी पवित्रा नेमका उलट होता. १८७८ च्या अबकारी कायद्याने ताडी-माडी आणि गाळप सरकारी करांच्या कचाट्यात आले. १८९२ च्या कायद्याने तर ठाणे-कुलाबा भागात मोहाची फुले जवळ बाळगण्यावरच निर्बंध घातले. हेतू व्यसनमुक्तीचा असल्याचे सांगितले गेले, पण तिजोरी फुगली ती सरकारची. दारूविरोधी चळवळीला धार आली ती त्यामुळेच. पुण्यात १९०८ साली गुत्त्यांपुढे निरोधने झाली आणि टिळकांनी त्यांना पाठबळ दिले.

काँग्रेस मंत्रिमंडळाने १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात बंदी घातली. अबकारी खात्याचे मंत्री डॉ. गिल्डर स्वतः पारशी होते, आणि दारूच्या धंद्यात पाय रोवलेला पारशी समाजच या निर्णयावर सर्वाधिक चिडला. बुडालेला महसूल भरून काढायला शहरातील स्थावर मालमत्तेवर कर बसला, म्हणजे न पिणाऱ्या घरमालकालाही बंदीची झळ लागली. मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि प्रयोग लवकरच कोलमडला.

स्वातंत्र्यानंतर मोरारजी देसाई यांनी तो नेटाने पुन्हा हाती घेतला. ६ एप्रिल १९५० पासून संपूर्ण मुंबई राज्य कोरडे झाले. लगेच बलसारा नावाच्या एका नागरिकाने कायद्याविरुद्ध न्यायालय गाठले. त्यांच्या मागणीत व्हिस्की-ब्रँडीच्या जोडीला ओ-डी-कोलोन आणि लव्हेंडर वॉटरही होते. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला. मात्र औषधी आणि प्रसाधनाच्या मद्यार्कयुक्त वस्तूंपुरती त्याची कलमे खोडली.

बंदीने दारू थांबली नाही, फक्त खाली उतरली. खाडीकाठी, झोपडपट्टीत हातभट्ट्या पेटल्या. काळा गूळ आणि नवसागर पिंपात आंबवून दारू गाळायची आणि रबरी ट्यूबमध्ये भरून शहरभर पोचवायची. पहिल्या धारेची महाग, पुढची पाणचट. मुंबईतल्या अनेक अड्ड्यांवर गल्ला सांभाळणाऱ्या बाईला सगळे ‘आंटी’ म्हणत. हप्ते घेणारे पोलीस आणि टोळ्या यांना या धंद्याने बळ दिले, हा बंदीचा सर्वात महागडा परिणाम म्हणावा लागेल. ज्याच्या खिशात पैसे आणि ओळखीचा डॉक्टर होता, त्याला प्रकृतीच्या कारणावरून परवाना मिळे.

१९६० मध्ये राज्य विभागले गेले. गुजरातने बंदी कायम ठेवली. महाराष्ट्राने साठच्या दशकापासून परवाने सैल करत नेले. परवानाधारकांसाठी राखीव असलेली खोली, म्हणजे ‘परमिट रूम’, ही पाटी बारवर आजही दिसते. परवाना मात्र क्वचितच कोणी मागतो.

जिल्हा पातळीवरची बंदी वेगळी. गांधीजींच्या वास्तव्यामुळे वर्धा जिल्ह्यात आणि लोकचळवळीनंतर १९९३ पासून गडचिरोलीत ती लागू आहे. चंद्रपुरात ती १ एप्रिल २०१५ रोजी आली आणि २०२१ मध्ये उठली. गावात मात्र निकाल मतपत्रिकेवर लागतो. तिच्यावर उभी आणि आडवी अशा दोन बाटल्या असतात. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडवीला मत दिले, तर दुकान बंद होते.