अळवावरचे पाणी आणि सुती कापड

आम्हा इंदूरकरांना गणपती, कापूस आणि पाऊस यांचे नाते वेगळे सांगायला नको. अनंत चतुर्दशीच्या रात्री इथल्या कापड गिरण्यांच्या झांक्या निघतात. गिरण्या बंद पडल्या, पण झांक्या थांबल्या नाहीत. त्या पाहताना एखादी सर आली की अंगातले सुती कपडे क्षणात चिंब होतात. अळवाच्या पानावर मात्र थेंब नुसता घरंगळतो. कापसाला हा गुण देण्यासाठी माणसाने फार खटपट केली आहे.

कापसाचा धागा म्हणजे सेल्युलोज, आणि त्याला पाण्याची भारी ओढ. म्हणून पूर्वी कापडाला तेल किंवा मेण लावीत. ‘मेणकापड’ हा आपला शब्द त्याचीच आठवण देतो. १८२३ साली ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉश यांनी दोन कापडांच्या मध्ये नॅफ्थ्यात विरघळवलेले रबर घालण्याचे पेटंट घेतले. पाणी अडले, पण हवाही अडली. शिवाय उष्णतेने रबर चिकट होई.

दुसरी रीत स्वस्त होती. कापड आधी साबणाच्या आणि मग तुरटीच्या पाण्यात बुडवायचे. धाग्यावर न विरघळणारा थर बसे, विणीतली छिद्रे मोकळी राहत आणि थेंब ओघळून जाई. पण काही धुण्यांतच हा गुण निघून जाई. खरा प्रश्न होता तो टिकण्याचा.

१९३० च्या दशकात इंग्लंडमध्ये ‘वेलान’ आले. हे रसायन लावून कापड तापवले की त्यातला स्निग्ध भाग धाग्याला घट्ट धरून राही. दुसऱ्या महायुद्धानंतर सिलिकोन आले. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या ३एम कंपनीच्या प्रयोगशाळेत एका कॅनव्हासच्या बुटावर फ्लोरिनयुक्त रसायन सांडले. ते काही केल्या धुऊन निघेना. पॅट्सी शेर्मन आणि सॅम्युअल स्मिथ यांनी त्यातले मर्म ओळखले. १९५६ मध्ये ‘स्कॉचगार्ड’ बाजारात आले. आता पाणीच काय, तेलही कापडावर ठरेना.

टिकाऊपणाचा प्रश्न सुटला, पण या गटातली रसायने निसर्गातही नष्ट होईनात. ती पाण्यात आणि माणसाच्या रक्तातही सापडू लागली. ३एमने २००० साली त्यातले पीएफओएस बंद करण्याचे जाहीर केले. स्टॉकहोम करारात २००९ मध्ये पीएफओएस आणि २०१९ मध्ये पीएफओए यांचा समावेश झाला. आज पुन्हा मेण आणि सिलिकोनकडे वळणे चालू आहे. ती पाणी अडवतात, तेलाला मात्र तितकी दाद देत नाहीत.

शाडूची मूर्ती पाण्यात विरघळते, म्हणून तिचे विसर्जन शोभते. कधीच न विरघळणाऱ्या मूर्तींनी तलावांचे काय होते, ते आपण पाहतोच. रेनकोटाला दोन पावसाळ्यांनी पुन्हा मेण लावावे लागले, तर तेवढी तसदी आपण आनंदाने घ्यावी.