देवाचे दार आणि मार्टिन ल्यूथर



देवाच्या गाभाऱ्यापर्यंत कोणी जावे आणि कोणी बाहेरूनच हात जोडून परतावे, हा प्रश्न आपल्याला काही नवा नाही. जगातल्या बहुतेक धर्मांपुढे तो केव्हा ना केव्हा उभा राहिलेला आहे. ख्रिस्ती धर्माने त्याला एका शब्दात उत्तर दिले. तो शब्द म्हणजे 'विश्वास'. शब्द दिसायला साधा. पण त्याच्यापायी सोळाव्या शतकात अर्धाअधिक युरोप ढवळून निघाला. ते कसे, हे आज पाहावयाचे आहे.

आधी थोडे मागे जाऊ. यरुशलेम येथे यहुदी लोकांचे मोठे मंदिर होते. त्याच्या अगदी आतल्या भागाला परमपवित्रस्थान म्हणत व त्याच्यापुढे पडदा असे. त्या पडद्याआड फक्त मुख्य याजकाने जायचे, तेही वर्षातून एकदा, प्रायश्चित्ताच्या दिवशी. येशू ख्रिस्ताने क्रूसावर प्राण सोडला तेव्हा हा पडदा वरपासून खालपर्यंत फाटला, असे शुभवर्तमानात सांगितले आहे. आता आत जायला आडकाठी उरली नाही, असा अर्थ ख्रिस्ती लोकांनी त्यातून घेतला. पुढे इ. स. ५७ च्या सुमारास पौलाने रोम शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला जे पत्र लिहिले, त्यातही हेच सूत्र आहे. ख्रिस्तावर विश्वास ठेवणाऱ्याला देवाजवळ प्रवेश आहे, मग तो यहुदी असो की परका.

आता विश्वास म्हणजे काय? देव आहे असे नुसते मानणे नव्हे. विहिरीत उतरणारा गडी काठावर उभा राहून म्हणतो, "दोर मजबूत आहे." ही झाली माहिती. तोच गडी त्या दोरावर आपला सगळा भार टाकतो, तेव्हा तो झाला विश्वास. पौलाला हा दुसरा अर्थ अभिप्रेत होता.

मध्ययुगात चर्चने ही शिकवण टाकून दिली असे नाही. देवाच्या कृपेवाचून तरणोपाय नाही, हे चर्च सांगतच होते. पण सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे मात्र पायऱ्यांची लांबलचक रांग उभी राहिली. पापनिवेदन करा, उपवास करा, यात्रेला जा, संतांच्या अवशेषांचे दर्शन घ्या. एवढे करूनही देव प्रसन्न झाला की नाही, ही धाकधूक राहायचीच.

हीच धाकधूक एका तरुणाच्या जिवाला लागली. मार्टिन ल्यूथर १४८३ साली जर्मनीत आइस्लेबेन गावी जन्मला. बाप तांब्याच्या खाणीच्या धंद्यातला. पोराने कायदा शिकावा ही त्याची इच्छा. पण जुलै १५०५ मध्ये वाटेत वादळाने गाठले, जवळच वीज कोसळली आणि घाबरलेल्या मार्टिनने संत ॲनाला नवस केला की वाचलो तर साधू होईन. दोन आठवड्यांनी तो एर्फुर्टच्या मठात दाखल झाला.

मठात त्याने काही कसर ठेवली नाही. उपास, जागरणे, प्रार्थना, सगळे केले. तो तासन्तास आपली पापे सांगत बसे आणि उठला की एखादे राहून गेले म्हणून पुन्हा बेचैन होई. स्टाउपिट्झ हे त्याचे वडीलधारे गुरू. त्यांनी त्याला धीर दिला, अभ्यासाला लावले. १५१२ साली ल्यूथर विटेनबर्गच्या विद्यापीठात बायबलचा प्राध्यापक झाला. तेथे स्तोत्रसंहिता व पौलाचे रोमकरांस पत्र शिकवता शिकवता त्याची गाठ सुटली. नेमकी कोणत्या साली, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. पण मृत्यूच्या आदल्या वर्षी, १५४५ मध्ये, त्याने स्वतःच ही हकीकत लिहून ठेवली आहे. देवाचे नीतिमत्त्व म्हणजे माणसाला मोजण्याची काठी, असे तो समजत आला होता. आता त्याला उमगले की ते देवाने द्यायचे दान आहे आणि माणसाने ते विश्वासाने फक्त घ्यायचे आहे.

मग सत्कर्मे करायचीच नाहीत काय? असा आक्षेप त्या वेळीही निघाला. १५२० च्या एका पुस्तकात ल्यूथरने झाडाचा दाखला दिला. झाड चांगले म्हणून फळ चांगले येते. फळामुळे झाड चांगले होत नाही. सत्कर्म हे विश्वासाचे फळ आहे, देवाला द्यायची किंमत नव्हे.

पण तेव्हा किंमत मोजणेच चालू होते. रोम येथील संत पीटरच्या भव्य चर्चच्या बांधकामासाठी पैसा हवा होता आणि जर्मनीत पापक्षमापत्रे विकली जात होती. खरा पश्चात्ताप हवा, असे शास्त्र सांगे. पण टेट्झेलसारखे प्रचारक फिरत, त्यांच्या तोंडी पैशाची महती अधिक. मेलेल्या आईबापांचे क्लेश कमी व्हावेत म्हणून गरीब माणसे गाठीची नाणी सोडीत. ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी ल्यूथरने याविरुद्ध ९५ मुद्दे लिहून आर्चबिशपकडे धाडले. ते त्याने चर्चच्या दारावर ठोकले, ही गोष्ट प्रसिद्ध आहे, पण तिच्याबद्दल वाद आहे. छापखान्यांनी मात्र ते मुद्दे देशभर पोचवले. १५२१ च्या जानेवारीत पोपने त्याला धर्मबहिष्कृत केले. एप्रिलमध्ये वॉर्म्स येथे सम्राटापुढे उभे राहून त्याने आपले लिखाण मागे घेण्यास नकार दिला.

विश्वासाने दार उघडते म्हटले की पुढचा प्रश्न येतो. विश्वास ठेवायचा तो कशावर? ते वचन माणसाला कळायला नको काय? वार्टबुर्गच्या किल्ल्यात लपून असताना ल्यूथरने मूळ ग्रीकवरून नवा करार जर्मनमध्ये आणला. तो १५२२ साली छापला गेला; संपूर्ण बायबल १५३४ साली. जर्मन भाषांतरे आधीही होती. पण ल्यूथरने घरातल्या आईची आणि बाजारातल्या माणसाची बोली कानात ठेवून लिहिले. शिक्षक बंधुभगिनींनी ध्यानात घ्यावे अशी गोष्ट म्हणजे, १५२४ साली त्याने नगरपालांना पत्र लिहून शाळा काढण्याची विनंती केली, मुलांसाठी आणि मुलींसाठीही.

याच माणसाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १५२५ साली पिचलेल्या शेतकऱ्यांनी बंड केले. त्यांना ल्यूथरच्या शब्दांनी धीर आला होता. पण त्याने त्यांना ठेचून काढण्याचा सल्ला राजेरजवाड्यांना दिला. १५४३ साली यहुद्यांविरुद्ध तर त्याने अतिशय विखारी लिखाण केले. देवाचे दार सर्वांना उघडे म्हणणाऱ्याला शेजाऱ्यासाठी आपले दार उघडता आले नाही.

रोमच्या चर्चने ट्रेंट येथील धर्मपरिषदेत १५४७ साली आपली बाजू मांडली. कृपा पहिली, पण माणसाने तिला साथ दिली पाहिजे, असा तिचा आशय होता. या वादात पुढे युद्धे झाली, घरे दुभंगली. अखेर ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे लुथरन आणि कॅथलिक प्रतिनिधींनी एका संयुक्त निवेदनावर सह्या केल्या. तारण आपल्या पुण्याईने नव्हे, तर कृपेने व ख्रिस्तावरील विश्वासाने मिळते, हे दोघांनी मिळून म्हटले. काही मतभेद अजून आहेत. पण एवढे म्हणायला चारशे ब्याऐंशी वर्षे लागली.

ही वाट आपल्या देशातही आली. १७०६ साली त्सीगेनबाल्ग हा लुथरन धर्मोपदेशक तरंगमबाडीला उतरला व त्याने नवा करार तमिळमध्ये केला. आपल्याकडे पंडिता रमाबाईंनी केडगावी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. संस्कृतात पारंगत असलेल्या या बाईंनी जड शब्द मुद्दाम टाळले, कारण त्यांच्यापुढे खेड्यातल्या, थोडेफार वाचू शकणाऱ्या स्त्रिया होत्या. १९२२ साली त्या वारल्या, तोवर त्यांचे हे काम चालू होते. ज्या बाईला कोणी गाभाऱ्याजवळ उभे केले नव्हते, तिने पुस्तक उघडावे आणि कोणाला न विचारता स्वतः वाचावे, एवढ्यासाठी हा सारा खटाटोप होता.