होडी वर्षातून थोडेच दिवस पाण्यात? आगोटीला इंजिनाचं काय करायचं, काय टाळायचं

१ जून ते ३१ जुलै या काळात राज्याच्या किनाऱ्यावर यांत्रिकी नौकांना मासेमारी बंदी असते. जलपर्यटनही पावसाळ्यात बंद राहतं. होड्या किनाऱ्यावर ओढून झाकल्या जातात. पण होडीच्या मागे लावलेलं आउटबोर्ड इंजिन अनेकदा तसंच पडवीत ठेवलं जातं. "यंदा दहा-वीस फेऱ्याच झाल्या, सर्व्हिसिंग कशाला?" हा प्रश्न खाडीकाठच्या गावांत दरवर्षी ऐकू येतो. त्याचं उत्तर कामागणिक वेगळं आहे.

तास आणि महिने, दोन्ही मोजा

इंजिनाच्या माहितीपुस्तिकेत बऱ्याच कामांसाठी "१०० तास किंवा १ वर्ष, जे आधी होईल ते" असं लिहिलेलं असतं. वर्षाला ३० तास चालणाऱ्या इंजिनाचे १०० तास भरायला तीन वर्षांहून जास्त काळ लागेल. पण खारं पाणी, दमट हवा आणि जुनं पेट्रोल यांना तासांशी घेणंदेणं नाही. झिजणारे भाग तासांवर खराब होतात. गंजणारे, कडक होणारे आणि आंबणारे भाग महिन्यांवर. कमी वापराच्या इंजिनाला दुसरा धोकाच मोठा असतो.

ही कामं दरवर्षी करायचीच

१. गोड्या पाण्याने धुणं : इंजिन गोड्या पाण्याच्या पिंपात उभं करून १० ते १५ मिनिटं न्यूट्रलमध्ये चालवा. पाणी ओढायची जाळी पूर्ण बुडालेली हवी. इंजिन कोरडं चालवू नका, पाण्याच्या पंपातला रबरी इम्पेलर थोड्याच वेळात जळतो.

२. पेट्रोल काढणं : पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतला ओलावा ओढतं. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसह टाकीच्या तळाशी बसतं. म्हणून धुताना शेवटी पेट्रोलची नळी काढा आणि इंजिन आपोआप बंद होईपर्यंत चालू द्या. कार्बोरेटरमध्ये उरलेलं तळाच्या स्क्रूने काढा. टाकी रिकामी करा.

३. गिअर ऑइल : खालचा स्क्रू आधी, मग वरचा काढा. ऑइल दुधासारखं पांढरट आलं तर सील गळून आत पाणी शिरलं आहे असं समजा. तसंच ठेवलं तर बेअरिंग आणि गिअर गंजतात, मग खर्च सीलचा राहत नाही, गिअरबॉक्सचा होतो. नवं ऑइल खालून भरा, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. वॉशर नवे लावा.

४. सिलिंडरला ऑइल : प्लग काढून प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोडा, फ्लायव्हील हाताने दोन-चार वेळा फिरवा आणि प्लग परत बसवा.

५. फोर-स्ट्रोक असेल तर इंजिन ऑइल : जुन्या ऑइलमध्ये ओलावा आणि आम्ल साठतं. म्हणून बदल पावसाळ्याआधी करा, नंतर नको. टू-स्ट्रोकला हे काम नाही.

६. पंखा काढून शाफ्टला ग्रीस : शाफ्टवर गुंडाळलेली जाळ्याची तंगूस काढा. तीच सील कापते. सगळ्या ग्रीस पॉइंटना ग्रीस द्या.

ही कामं बघून ठरवा

प्लग : काजळी पुसा, गॅप तपासा. टोक झिजलं नसेल तर याच वर्षी बदलायची गरज नाही.

इम्पेलर : इंजिन चालू असताना मागून येणारी पाण्याची धार जोरदार आहे का, ते बघा. धार बारीक असेल, किंवा पाती वाकून कडक झाली असतील तर बदला. धार चांगली असली तरी दोन-तीन वर्षांपलीकडे ताणू नका. न वापरताही रबर एकाच आकारात दबून राहतं.

झिंकचा तुकडा : निम्म्याहून जास्त झिजला की बदला. त्याला रंग लावू नका, काम करायचा थांबतो.

ठेवताना

इंजिन स्टँडवर उभं ठेवा, आतलं पाणी निथळू द्या. आडवं ठेवावंच लागलं तर फोर-स्ट्रोक पुस्तिकेत दाखवलेल्या कुशीवरच ठेवा, नाहीतर ऑइल सिलिंडरमध्ये शिरतं. प्लास्टिकमध्ये घट्ट बांधू नका, आत घाम धरतो. सुती कापड चालेल. बॅटरी असल्यास काढून घरात ठेवा, महिन्यातून एकदा चार्ज करा. जुनं ऑइल खाडीत ओतू नका.

मेकॅनिक कधी लागेल?

वरची बरीच कामं पाना-पक्कडीने घरी होतात. पांढरं गिअर ऑइल, बदलूनही बारीकच येणारी धार, किंवा अडकणारा गिअर दिसला तर मात्र आगोटीलाच मेकॅनिकला दाखवा. नारळी पौर्णिमेच्या तोंडावर सगळ्यांचीच घाई असते आणि सुटे भाग मिळायला वेळ लागतो.

सुरुवातीला पहिली फेरी खाडीच्या आतच मारा. ओहोटीला खाडीच्या मुखाशी इंजिन बंद पडलं तर पाण्याची ओढ होडी थेट बाहेरच्या लाटांत नेते. तिथे लाइफ जॅकेट, वल्ही, नांगर आणि दोर यांचाच आधार असतो. जादा प्लग आणि पंख्याची पिनही होडीत ठेवा. ऑइल कधी बदललं, इम्पेलर कधी घातला, याची तारीख मोबाइलमध्ये फोटोसह लिहून ठेवली की पुढच्या आगोटीला अंदाज बांधत बसावं लागत नाही.