अझेलियाची कळी आणि उणे चाळीस अंश

मिनेसोटा हे अमेरिकेच्या उत्तर सीमेवरचे राज्य. तेथे हिवाळ्यात पारा उणे ३० अंश सेल्सिअसच्याही खाली उतरतो. अशा थंडीत बागेतली अझेलिया अनेकदा जगते, वसंतात तिला पालवीही फुटते. पण फूल मात्र येत नाही. असे का व्हावे?

अझेलियाच्या फुलकळ्या आदल्या उन्हाळ्यातच धरतात आणि सारा हिवाळा फांदीवर काढतात. जॉर्ज, बर्क व वायझर या संशोधकांनी १९७४ साली दाखवून दिले, की कळीतील इवल्या फुलांमधले पाणी शून्याच्या बरेच खाली जाऊनही द्रवरूपच राहते. यालाच अतिशीतन म्हणतात. पण त्यालाही मर्यादा आहे. उणे ४० अंशांच्या सुमारास शुद्ध पाणीही आपोआप गोठते. नाजूक जातींची फुले त्याच्या कितीतरी आधीच गोठून मरतात.

यावर उपाय निघाला तो संकरातून. मिनेसोटा विद्यापीठात अल्बर्ट जॉन्सन यांनी १९५७ साली भडक रंगांच्या मॉलिस अझेलियाचा संकर ईशान्य अमेरिकेतील काटक, सुगंधी, गुलाबी रानअझेलियाशी केला. त्यातून निघालेली ‘नॉर्दर्न लाइट्स’ ही रोपे १९७८ साली बागांसाठी उपलब्ध झाली. म्हणजे तब्बल एकवीस वर्षांनी! त्यांच्या कळ्या जवळजवळ त्या मर्यादेपर्यंत तग धरतात.

तेव्हा थंड प्रदेशात जात निवडताना झाड किती थंडी सोसते एवढेच विचारून भागत नाही. कळी किती सोसते, हेही विचारायला हवे.

जाता जाता वर्गासाठी एक प्रश्न : उणे ४० अंश सेल्सिअस म्हणजे किती अंश फॅरनहाइट?