औषधनिर्मिती उद्योग, भारतातील
भारतातील आधुनिक औषधनिर्मितीचा पाया प्रफुल्लचंद्र राय यांच्या कलकत्त्यातील बेंगॉल केमिकल (१९०१) या कंपनीने घातला. तथापि स्वातंत्र्यप्राप्तीनंतरही प्रतिजैविके परदेशांतून आणावी लागत. म्हणून केंद्र शासनाने जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा पेनिसिलिनाचा कारखाना काढला (१९५४). किण्वनाची तंत्रविद्या त्यामुळे भारतीय तंत्रज्ञांच्या हाती आली. कारखान्याचे खरे मोल उत्पादनाच्या आकड्यांपेक्षा यात होते. औषधे मात्र महागच राहिली, कारण १९११ च्या कायद्यान्वये औषधी द्रव्यांवरील एकस्व (पेटंट) बहुतांशी परकीय कंपन्यांकडे होते. १९७० च्या अधिनियमाने (अंमल १९७२) द्रव्यास नव्हे, तर केवळ ते तयार करण्याच्या प्रक्रियेस एकस्व मिळू लागले. तेच द्रव्य निराळ्या रीतीने बनविण्याची मुभा मिळताच देशी कंपन्या झपाट्याने वाढल्या. मुंबईच्या सिप्ला कंपनीने २००१ मध्ये एड्सवरील तीन औषधांचा वर्षभराचा उपचार सु. ३५० डॉलरांत देऊ केला. पाश्चात्त्य कंपन्यांच्या औषधांस तोवर दहा हजारांहून अधिक डॉलर पडत. २००५ मध्ये द्रव्यावरील एकस्व पुन्हा लागू झाले. दरम्यान स्वस्त चिनी मालापुढे पेनिसिलिनाचे देशी उत्पादन बंद पडले होते. ते पुन्हा उभे करण्यासाठी २०२० मध्ये शासनास उत्पादनाशी निगडित अनुदानाची योजना आखावी लागली.