अंतराळयान समुद्रात उतरलं, जहाजावर होता एक चित्रकार! काय आहे 'फर्स्ट स्टेप्स'ची गोष्ट?

अंतराळ मोहीम म्हटलं की रॉकेट आणि अंतराळवीर आठवतात. पण अंतराळवीराला समुद्रातून सुखरूप परत आणणारं नौदल मात्र क्वचितच कुणाला आठवतं. अमेरिकी चित्रकार मिचेल जेमिसन यांनी १९६३ मध्ये हाच क्षण टिपला.

चित्रकार जहाजावर कसा पोहोचला?

मोहिमांची नोंद फक्त कॅमेऱ्याने नाही, तर कलाकारांच्या नजरेतूनही व्हावी, यासाठी नासाने १९६२ मध्ये कला उपक्रम सुरू केला. पहिल्या तुकडीतल्या इतर चित्रकारांनी केप कॅनाव्हरलची तयारी आणि उड्डाण रेखाटलं. जेमिसन मात्र पॅसिफिक महासागरातल्या 'यूएसएस केअरसार्ज' या विमानवाहू जहाजावर होते. दुसऱ्या महायुद्धात ते अमेरिकी नौदलाचे युद्धचित्रकार होते, त्यामुळे जहाजावरचं जग त्यांना नवं नव्हतं.

नौदल कशासाठी?

मर्क्युरी यानं पॅराशूटच्या आधाराने समुद्रात उतरत. त्यात धोका होता. १९६१ मध्ये 'लिबर्टी बेल ७' हे यान समुद्रात बुडालं होतं. अंतराळवीर गस ग्रिसम थोडक्यात बचावले. म्हणूनच जहाजं, हेलिकॉप्टर आणि पाणबुडे आधीच सज्ज ठेवले जात.

त्या दिवशी काय घडलं?

१६ मे १९६३. गॉर्डन कूपर २२ प्रदक्षिणा आणि ३४ तासांहून अधिक काळ अंतराळात राहून परतत होते. यानाची स्वयंचलित नियंत्रण यंत्रणा बंद पडली होती. त्यांनी 'फेथ ७' स्वतः हाताळत केअरसार्जजवळ उतरवलं. नौदलाने यान कूपर यांच्यासह डेकवर उचलून घेतलं.

इतका वेळ वजनरहित अवस्थेत राहिलेला माणूस उभा राहू शकेल का, हा डॉक्टरांपुढचा खरा प्रश्न होता. कूपर यांना किंचित गरगरलंही, पण ते स्वतःच्या पायांवर चालले. जेमिसन यांच्या चित्राचं नाव आहे 'फर्स्ट स्टेप्स', म्हणजे 'पहिली पावलं'. हे चित्र आज स्मिथसोनियनच्या राष्ट्रीय हवाई आणि अंतराळ संग्रहालयाच्या संग्रहात आहे.

भारताशी काय संबंध?

गगनयानाचे अंतराळवीरही समुद्रातच उतरणार आहेत. २१ ऑक्टोबर २०२३ च्या चाचणीनंतर मानवरहित क्रू मॉड्यूल बंगालच्या उपसागरातून भारतीय नौदलानेच बाहेर काढलं. उड्डाण रॉकेटचं असलं, तरी घरवापसी नौदलाच्या हाती असते. जेमिसन यांनी ६० वर्षांपूर्वी नेमकं तेच रंगवलं.