चिलकेच्या तळाचा नकाशा

नागपुरांत राहणाऱ्या वाचकास समुद्राची भरतीओहोटी ही ऐकीव गोष्ट; मग खाऱ्या सरोवराच्या तळाशीं उगवणाऱ्या गवताशीं त्याचा संबंध काय, असें कोणी सहज विचारील. त्याचें उत्तर इतिहासांत आहे. ओडिशाच्या किनाऱ्यावरील चिलका सरोवर एके काळीं नागपूरकर भोसल्यांच्या मुलखांत मोडत असे. इ. स. १७५१ च्या तहानें ओडिशावर रघूजी भोसल्यांचा अंमल बसला. आणि १८०३ च्या डिसेंबरांत वऱ्हाडांत झालेल्या देवगांवच्या तहानें तो प्रांत इंग्रजांकडे गेला.

या ५२ वर्षांत शिवभट साठ्यांसारखे सुभेदार तेथें आले, सारा वसूल झाला, जगन्नाथाच्या यात्रेकरूंकडून कर घेतला गेला. १८०३ च्या सप्टेंबरांत गंजमहून निघालेली इंग्रज फौज चिलका व समुद्र यांमधील वाळूच्या चिंचोळ्या पट्ट्यानें पुरीस पोंचली. धनी बदलला, पण पाण्याखालीं काय आहे, हें पाहण्याचें कारण जुन्या धन्यास नव्हतें, तसें नव्यासही नव्हतें.

तळाशीं जें आहे तें समुद्रगवत. तें शेवाळ नव्हे. त्यास मुळें असतात, फुलें व बियाही येतात. मासे व कोळंबीचीं पिलें त्याच्या आश्रयानें वाढतात, आणि त्याच्या मुळांनीं गाळ धरून ठेवला जातो. मात्र त्यास प्रकाश लागतो. पाणी फार गढूळ झालें कीं तें मरतें. म्हणून गवत कोठें आहे आणि कोठून नाहींसें झालें, हें कळणें म्हणजे सरोवराची नाडी हातीं लागणें होय.

परंतु उन्हाळ्यांतही सुमारें ९०० चौरस किलोमीटर पसरणारें हें पाणी नावेंतून किती न्याहाळावें? येथें आकाशांतील डोळा उपयोगीं पडतो. १८५८ सालीं नादार नांवाच्या फ्रेंच छायाचित्रकारानें पॅरिसजवळ बलूनमधून भूमीचें चित्र घेतलें. १९२४ सालीं, ब्रह्मदेश हिंदुस्थानच्या राज्यकारभारांत असतां, इरावतीच्या मुखावरील जंगलांची पाहणी विमानांतून छायाचित्रें घेऊन झाली. तीच विद्या पुढें उथळ पाण्याखालच्या कुरणांस लागू झाली. आतां उपग्रहही तें काम करतात. वारा पडलेला, पाणी नितळ आणि सूर्य माथ्यावरून ढळलेला असेल, तर पाण्यावरील चकाकी टळते व गवताचे काळपट पट्टे चित्रांत उमटतात. तरी प्रत्येक काळा डाग गवत नव्हे. तो शेवाळाचा, चिखलाचा किंवा नुसत्या खोलीचा असूं शकतो. अखेर कोणीतरी नाव घेऊन त्या जागीं जावें, हात बुडवावा आणि मूठभर उपटून पाहावें, तेव्हां नकाशा खरा ठरतो.

या श्रमांचें मोल चिलकेनेंच दाखविलें. गाळानें समुद्राची वाट बुजत गेली, पाण्याचा खारेपणा उतरला, गोड्या पाण्यांतील तण माजलें. १९९३ सालीं संकटांत सांपडलेल्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादींत चिलकेचें नांव चढलें. २००० च्या सप्टेंबरांत नवें मुख खोदण्यांत आलें. खारें पाणी आंत शिरलें, तण हटलें, समुद्रगवत पसरूं लागलें. आणि २००२ सालीं तें नांव यादींतून वगळलें गेलें.

असा पालट मोजावयाचा तर आधींचें चित्र जवळ असावें लागतें. भोसल्यांच्या काळीं हें कुरण कोठपर्यंत होतें, तें आज कोणासही सांगतां येणार नाहीं. ती हद्द कोणीं आंखलीच नाहीं. जाळें कोठें गवतांत अडकतें, हें मात्र चिलकेवरील कोळ्यास बापजाद्यांपासून ठाऊक आहे. नवा नकाशा काढणारानें आकाशांतून पाहून झालें, कीं प्रथम त्याच्या नावेंत जाऊन बसावें.